काटोलच्या काकूंना रोबोट, शेजारच्या खाटेवर मोठा छेद

रुग्ण ५८ वर्षांच्या, काटोल तालुक्यातल्या, घरी संत्र्याची बाग. पाळी जाऊन सात वर्षं झालेली. मधुमेह अकरा वर्षांपासून, रक्तदाबाची गोळी चालू. उंची १५५ सेंमी, वजन ९२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३८ च्या जरा वर. दोन बाळंतपणं, धाकट्याच्या वेळी सिझेरियन. तक्रार एकच, सात महिन्यांपासून अधूनमधून अंगावरून लाल जातं. ओळख पटू नये म्हणून इथे काही किरकोळ गोष्टी बदलल्या आहेत, आजाराचा तपशील मात्र आहे तसा ठेवला आहे.

सात महिने कुठे गेले, हे आधी सांगायला हवं. पहिल्यांदा डाग दिसला तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी समजूत घातली, "जाता जाता येते एखाद्या वेळी, होते असं." पुढच्या वेळी गावातल्या डॉक्टरांनी रक्त थांबवायच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं. महिनाभराने पुन्हा सुरू झालं, पुन्हा त्याच गोळ्या. या गोळ्या रक्त थांबवतात, रक्त कशाने जातंय ते सांगत नाहीत. पाचव्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं आतलं अस्तर १७ मिलिमीटर जाड निघालं. पाळी गेलेल्या आणि रक्तस्राव होणाऱ्या बाईत हे अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असलं तर तुकडा काढून तपासायचा, हा सर्वमान्य नियम आहे. काकूंना सल्ला मिळाला तो वेगळाच: "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल."

आपल्याकडे पिशवी काढणं फार सोपं झालंय. पोट दुखलं, पिशवी. पांढरं गेलं, पिशवी. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते बायोप्सीशिवाय पिशवी काढणं. आत कॅन्सर असेल तर ऑपरेशनच निराळं असतं. त्यात दोन्ही नळ्या आणि बीजकोश काढावे लागतात, लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) तपासाव्या लागतात, पोटभर नजर फिरवावी लागते, आणि पिशवी अखंड बाहेर यावी लागते. साधं ऑपरेशन उरकलं आणि पंधरा दिवसांनी रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, की आजार किती पसरला होता याचं उत्तर द्यायला हातात काही उरत नाही. मग दुसरं ऑपरेशन तरी करा, नाहीतर अंदाजाने रेडिएशनचा शेक द्या.

काकू त्यातून वाचल्या त्या मुलामुळे. तो बुटीबोरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली शेवटची ओळ त्याने वाचली, कॅन्सरची शक्यता तपासावी असं तिच्यात लिहिलं होतं, आणि आईला गाडीत घालून नागपूरला आणलं.

बाह्यरुग्ण विभागातली दहा मिनिटं

बायोप्सीसाठी भूल लागत नाही, भरती व्हावं लागत नाही. जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी गर्भाशयमुखातून आत सरकवतात, दट्ट्या मागे ओढला की अस्तराचे तुकडे नळीत येतात. पाळीत दुखतं तशी एक कळ येते. काकू एवढंच म्हणाल्या, "एवढ्याचसाठी सात महिने घालवले काय बाप्पा!"

पाळी गेल्यानंतर रक्त गेलेल्या शंभर बायकांत साधारण नऊजणींना अस्तराचा कॅन्सर निघतो. उलट बाजूने पाहिलं तर अस्तराचा कॅन्सर असलेल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक जणींना आधी रक्तस्राव झालेला असतो. म्हणजे हा आजार बहुतेक वेळा स्वतःहून दार वाजवतो, आणि तेही लवकर. कॅन्सरच्या जगात एवढी सवलत फार थोड्या आजारांत मिळते.

रिपोर्ट आला: एंडोमेट्रिऑइड, म्हणजे अस्तराच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार, ग्रेड २, म्हणजे मधल्या तीव्रतेचा. एमआरआयमध्ये गाठ अस्तरातून स्नायूत शिरलेली, पण जाडीच्या निम्म्याहून कमी. गर्भाशयमुख मोकळं. ओटीपोटातल्या ग्रंथी मोठ्या झालेल्या नाहीत. छातीचा सीटी स्वच्छ.

"माह्या घरात कोणालेच नाही, मलेच काहून झाला?" हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. पाळी गेल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन (अस्तर वाढवणारं संप्रेरक) बनवणं थांबवतात, पण चरबीच्या पेशी ते बनवतच राहतात. पूर्वी दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन येऊन अस्तराला आवर घालायचं, आता ते येत नाही. वर्षानुवर्षं फक्त वाढीचाच हुकूम मिळत राहिला की अस्तर जाड होतं आणि कधीतरी बिघडतं. मधुमेह याच वाटेवरचा सोबती. काकूंना हे सांगताना मी वजनाचा विषय जपून काढला, कारण लठ्ठ बाईला तिचा आजार म्हणजे तिचीच चूक असं ऐकवण्यात आमचे लोक पटाईत आहेत. घरात आधी कोणाला आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर झाला होता का, हेही खोदून विचारलं, कारण लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात हे दोन्ही कॅन्सर एकाच घरात फिरतात. तसं काही नव्हतं.

वाट कोणती धरायची

ऑपरेशन ठरलं होतं, प्रश्न मार्गाचा होता. पोट उघडून, दुर्बिणीने की रोबोटने?

अस्तराच्या कॅन्सरमध्ये लहान छिद्रांतून केलेलं ऑपरेशन सुरक्षित आहे का, याचा निकाल आता लागलेला आहे. अमेरिकेतल्या लॅप-टू नावाच्या चाचणीत अडीच हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, ८९.८ टक्के. ऑपरेशननंतरचे मध्यम ते गंभीर त्रास मात्र पोट उघडलेल्या गटात २१ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात १४ टक्के. ऑस्ट्रेलियातून निघालेल्या लेस चाचणीने २०१७ मध्ये तेच सांगितलं. तेव्हा काकूंचं पोट उभं फाडायला तसं कारण नव्हतं. शिवाय मधुमेह आणि एवढी चरबी असलेल्या पोटावर लांब छेद घेतला की तो पिकायची भीती फार. उघडलेली जखम घेऊन दीड-दीड महिना ड्रेसिंगला येणाऱ्या बायका प्रत्येक वॉर्डने पाहिल्या आहेत.

मग साध्या दुर्बिणीनेच का नाही? इथे तीच लॅप-टू चाचणी दुसरी गोष्टही सांगते. दुर्बिणीने सुरू केलेल्या दर चार ऑपरेशनांपैकी एकात शेवटी पोट उघडावं लागलं. बीएमआय २५ असताना हे प्रमाण साधारण १७ टक्के होतं, ३५ च्या आसपास २६ टक्के, आणि ४० च्या पुढे ५७ टक्के. तो काळ जुना होता, आज अनुभवी हातांत हे आकडे पुष्कळ खाली आले आहेत. २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात बीएमआय ४० च्या वरच्या बायकांत दुर्बिणीने ७ टक्के आणि रोबोटने ३.८ टक्के ऑपरेशनं पोट उघडण्यावर गेली. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही.

फरक कुठून येतो, ते हातांना कळतं. जाड पोटातून लांब सरळ काठी आत घातली की ती हलवायला प्रत्येक वेळी पोटाच्या भिंतीशी झुंजावं लागतं. दोन तासांत मनगट भरून येतं आणि ओटीपोटाच्या तळाशी पोचेपर्यंत बारकावा संपलेला असतो. रोबोटमध्ये हा भार यंत्राच्या हातावर जातो. टोकाला मनगटासारखं वळणारं अवजार असतं, डोळ्यांना खोली दिसते, चित्र दहापट मोठं दिसतं. उणी बाजूही आहे. बहुतेक यंत्रांत स्पर्श कळत नाही. टाका किती ताणला गेलाय ते डोळ्यांनी ओळखायला शिकावं लागतं. आणि अस्तराच्या कॅन्सरमध्ये रोबोटमुळे रुग्ण दुर्बिणीपेक्षा जास्त जगतो, असा पुरावा नाही. हे वाक्य मी घरच्यांसमोर मुद्दाम बोलते, कारण बाहेर लागलेल्या फलकांवरून बहुतेकांचा समज तसाच झालेला असतो.

काकूंच्या बाबतीत तराजू रोबोटकडे झुकला तो तीन गोष्टींमुळे: वजन, जुन्या सिझेरियनची चिकट जागा, आणि ग्रंथी शोधायचं काम. बीएमआय २४ आणि आधी पोटाला हात न लागलेल्या बाईला मी साध्या दुर्बिणीनेच करू म्हटलं असतं आणि तिच्या नवऱ्याचे पैसे वाचवले असते.

घरच्यांशी बोलणं लांबलं. काकूंचा पहिला प्रश्न, "मशीन कापते का तुमी कापता जी?" त्यांना थिएटरचा फोटो दाखवला. मी त्याच खोलीत, पाच-सहा हातांवर, पडद्यात डोकं घालून बसलेली. माझी बोटं हलली तरच आतलं अवजार हलतं, डोकं पडद्यातून काढलं की ते जागच्या जागी थांबतं, आणि रुग्णाच्या उशाशी दुसरे सर्जन हातमोजे घालून उभे असतात. त्यावर काकू शांत झाल्या, पण मुलगा नाही. त्याचा प्रश्न पैशांचा होता. रोबोटचा वेगळा खर्च, वापरून संपणाऱ्या अवजारांचा वेगळा. सगळं धरून दुर्बिणीपेक्षा सव्वा लाख जास्त. आंबिया बहार झाडावरच व्यापाऱ्याला दिला होता, पैसे अर्धे आले होते, अर्धे यायचे होते. आठवडाभर विचार करा, म्हटलं. मुंबईला दाखवून यायचं असेल तर तेही करा. पूर्वी विदर्भातला माणूस कॅन्सर म्हटला की परळचंच तिकीट काढायचा. आता तुकडोजी रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे. तरी दुसरं मत घेण्यात वावगं काही नाही. तो चौथ्या दिवशी हो म्हणून आला.

दोन आठवडे साखरेसाठी

उपाशीपोटी साखर २१० होती, हिमोग्लोबिन ९.१. या आजारात दोन-तीन आठवडे थांबल्याने काही बिघडत नाही, वाढलेल्या साखरेवर ऑपरेशन केलं तर बिघडतं. इन्सुलिन सुरू केलं, शिरेतून लोह दिलं. भूलतज्ज्ञांनी घोरण्याबद्दल खोलात विचारलं. झोपेत श्वास अडखळणाऱ्या लठ्ठ रुग्णाला या ऑपरेशनात जास्त जपावं लागतं.

कारण काकूंना डोकं खाली, पाय वर असं साधारण २५ अंशांत तिरकं निजवायचं होतं. तसं केलं की आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळं होतं. पण पोटात भरलेला वायू आणि वर सरकलेली आतडी मिळून फुप्फुसांवर बसतात. यंत्राचे हात एकदा जोडले की टेबल सहज हलवता येत नाही. म्हणून हात जोडण्याआधीच काकूंना पूर्ण तिरकं करून काही मिनिटं तसंच ठेवलं. श्वासनलिकेतला दाब, ऑक्सिजन आणि रक्तदाब तिघंही तग धरून आहेत हे भूलतज्ज्ञांनी पाहिलं आणि मान हलवली. ती मान हलली नसती तर रोबोट तिथेच बाजूला झाला असता.

उजवीकडचा हिरवा ठिपका

बेंबीच्या जरा वर, एका ओळीत ८ मिलिमीटरची चार छिद्रं आणि मदतनिसासाठी एक. सुरुवातीलाच गर्भाशयमुखात दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, इंडोसायनिन ग्रीन टोचलं होतं. हा रंग लसिका वाहिन्यांतून वाहत जातो आणि पहिल्या ग्रंथीत थांबतो. पडद्यावर प्रकाश बदलला की तो हिरवा चमकतो. कॅन्सरच्या पेशी पिशवीतून निघाल्याच असतील तर आधी याच ग्रंथीत पोचल्या असणार. तिलाच पहारेकरी ग्रंथी म्हणतात. पूर्वी अशा वेळी ओटीपोटातल्या साऱ्या ग्रंथी साफ करायचो आणि मग काही बायकांचे पाय आयुष्यभर सुजलेले राहायचे. २०१७ च्या फायर्स चाचणीत, जिथे ऑपरेशनं रोबोटनेच झाली होती, ज्यांचा आजार ग्रंथीत पसरला होता आणि रंगही पोचला होता अशा ३६ जणींपैकी ३५ जणींचा आजार या एका ग्रंथीने पकडला.

डावीकडे काम सरळ झालं. पडदा काळानिळा झाला, मोठ्या रक्तवाहिनीलगत एक हिरवी रेघ, रेघेच्या टोकाला वालाच्या दाण्याएवढी ग्रंथी. काढली, नाव लिहून डबीत टाकली.

उजवीकडे काहीच नाही. चरबी बाजूला करत वाहिनीच्या काठाने वर गेलो, खाली आलो, सगळीकडे करडं. लठ्ठ बायकांत असं होतं, रंग वाटेतच अडकतो. या वेळी अंदाजाने एखादी मोठी दिसणारी ग्रंथी काढून पुढे जायचं नसतं. नियम असा की त्या बाजूला पुन्हा रंग टोचायचा, आणि तरीही दिसलं नाही तर त्या बाजूच्या सगळ्या ग्रंथी काढायच्या. खाली बसलेल्या डॉक्टरांनी उजव्या बाजूला परत सुई दिली. आम्ही थांबलो. थिएटरमध्ये थांबणं कोणालाच आवडत नाही, सिस्टर घड्याळाकडे पाहायला लागल्या. काही मिनिटांनी ऑब्च्युरेटर मज्जातंतूच्या वर, चरबीच्या आड, फिकट हिरवा ठिपका उमटला. मज्जातंतू पांढऱ्या दोरीसारखा स्पष्ट दिसत होता. त्याला धक्का लागला तर मांडी आत ओढता येत नाही. दहापट मोठं आणि खोलीसकट दिसणारं चित्र मला कुठे कामी आलं असं कोणी विचारलं, तर मी या जागेचं नाव घेईन.

पिशवी काढायला लागण्याआधी दोन्ही नळ्या मुळाशी जाळून बंद केल्या, आतल्या पेशी पिशवी हलवताना नळ्यांतून पोटात सांडू नयेत म्हणून. सिझेरियनच्या व्रणावर मूत्राशय घट्ट चिकटलेलं होतं, ते सोडवायलाच अर्धा तास गेला. पिशवी, नळ्या, बीजकोश सगळं एकसंध योनिमार्गातून बाहेर काढलं. रक्त ८० मिलिलीटरच्या आसपास गेलं. यंत्र जोडण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत तीन तास.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली, काकू खुर्चीत बसून चहा मागत होत्या, बिनसाखरेचा मिळाल्यावर वैतागल्या. तिसऱ्या दिवशी घरी. जाताना रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं, आणि एक सूचना मी मुलाला बाहेर पाठवून दोघा नवरा-बायकोला दिली: किमान आठ आठवडे संबंध नको. योनीच्या वरच्या टोकाला शिवलेली जागा उसवण्याचं प्रमाण दुर्बीण आणि रोबोटच्या ऑपरेशनात पोट उघडून केलेल्यापेक्षा जास्त आहे. वयाकडे पाहून डॉक्टर हे सांगायचं टाळतात. टाळू नये.

शेजारची खाट

याच तीन दिवसांत वॉर्डात एक वाद उभा राहिला, आणि हे प्रकरण लिहायला घेण्याचं खरं कारण तो वाद आहे.

काकूंच्या शेजारी ४४ वर्षांच्या बाई होत्या, भंडाऱ्याकडच्या. त्यांना गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, गाठ अडीच सेंटिमीटर. त्यांचं ऑपरेशन आदल्या दिवशी पोट उघडून झालं होतं, जनआरोग्य योजनेतून. दोन्ही घरची माणसं बाहेर बाकावर बसून डबे खात असताना बोलणं निघालं. संध्याकाळी त्या बाईंचे पती माझ्यासमोर उभे. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "त्यायले रोबोट न आमाले काहून फाडून, मॅडम? आमचं योजनेतलं म्हणून? सांगतलं असतं तं म्या पैशाची सोय केली असती."

त्यांची शंका अस्थानी नव्हती. योजनेतल्या रुग्णाला दुय्यम वागणूक मिळते हा अनुभव लोकांना कुठेतरी आलेला असतो. पण इथे गोष्ट उलटी होती. त्यांनी पाच लाख आणून ठेवले असते तरी मी त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन रोबोटने केलं नसतं.

२०१८ पर्यंत आम्ही सगळे समजत होतो की अस्तराच्या कॅन्सरमध्ये चाललं ते पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्येही चालणार. जगभर हजारो ऑपरेशनं तशी झाली. मग लॅक नावाच्या चाचणीचा निकाल आला. ६३१ स्त्रिया, निम्म्यांचं पोट उघडून, निम्म्यांचं दुर्बिणीने किंवा रोबोटने. साडेचार वर्षांनी आजाराविना असलेल्या स्त्रिया पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, छिद्रांच्या गटात ८६ टक्के. तीन वर्षांनी जिवंत असलेल्या अनुक्रमे ९९ आणि ९३.८ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. छिद्रांच्या गटात रोबोटची ऑपरेशनं थोडी होती, साधारण सहात एक, म्हणून रोबोटचा निकाल वेगळा लागेल का, यासाठी स्वतंत्र चाचण्या हाती घेतल्या गेल्या. पण २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाने) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रोबोट वापरण्याबाबत सावधगिरीची सूचना काढली.

असं का व्हावं, यावर तर्कच आहेत. पिशवीच्या तोंडाची गाठ योनीच्या बाजूला उघडी असते. खालून पिशवी हलवायला घातलेलं अवजार तिच्यावरच दाबतं, आणि आतून योनी कापताना ती गाठ वायूने भरलेल्या पोटात उघडी पडते. अस्तराची गाठ मात्र पिशवीच्या आत बंद असते. कारण काहीही असो, ज्या बाईच्या पुढ्यात अजून तीस-चाळीस वर्षं आहेत तिच्यावर ही शंका मी घेणार नाही.

त्या गृहस्थांना मी एवढे आकडे सांगितले नाहीत. कागदावर पिशवी काढली, काकूंची गाठ आत दाखवली, त्यांच्या पत्नीची तोंडावर. म्हटलं, "भाऊ, तुमच्या वहिनींसाठी... म्हणजे तुमच्या घरच्यांसाठी मोठा छेदच जास्त खात्रीचा आहे. माझी बहीण असती तरी हेच केलं असतं." त्यांनी कागद मागून घेतला. पटलं की नाही ते माहीत नाही, पण रात्री ते तोच कागद काकूंच्या मुलाला समजावताना सिस्टरांना दिसले.

भारतात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या दरवर्षी सव्वा लाखाच्या वर नवीन रुग्ण निघतात, अस्तराच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे आपल्या वॉर्डात बहुतेक बायका अशाच असतात ज्यांना रोबोटची गरज नाही, किंवा तो त्यांना चालत नाही. पुष्कळशा तर इतक्या उशिरा येतात की ऑपरेशनच होत नाही, केमो आणि रेडिएशनवर जावं लागतं. बीजकोशाचा पसरलेला कॅन्सर असेल तरी पोट उघडूनच कोपरान् कोपरा साफ करावा लागतो. यंत्र विकत घेतल्यावर ते रोज चाललं पाहिजे असा हिशेब रुग्णालयाच्या कचेरीत होतो, तो मला समजतो. कोणत्या बाईला लावायचं हे मात्र त्या हिशेबातून ठरू नये.

रिपोर्ट आणि बिल

काकूंचा अंतिम रिपोर्ट बाराव्या दिवशी आला. ग्रेड २, स्नायूत १५ पैकी ४ मिलिमीटर शिरकाव, रक्त आणि लसिका वाहिन्यांत पेशी नाहीत, दोन्ही पहारेकरी ग्रंथी बारीक काप घेऊन तपासल्या तरी स्वच्छ. पी-५३ हे प्रथिन आणि पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणारी चार प्रथिनं नेहमीसारखी, म्हणजे लिंचची शंकाही मावळली. टप्पा १ए, २०२३ च्या नव्या वर्गवारीत १ए२. कमी जोखमीचा गट. शेक नाही, केमो नाही. उजवीकडची ग्रंथी सापडली नसती तर तिकडच्या सगळ्या ग्रंथी काढाव्या लागल्या असत्या, आणि त्या पायाची सूज कदाचित काकूंनी कॅन्सरपेक्षा जास्त काळ वागवली असती.

शेजारच्या बाईंच्या कडा मोकळ्या, ग्रंथी स्वच्छ. त्या सातव्या दिवशी घरी गेल्या.

बिलाचं मात्र सुखासुखी झालं नाही. मुलाच्या कंपनीचा गट विमा तीन लाखांचा. २०१९ मध्ये विमा नियामकाने रोबोटिक शस्त्रक्रिया वगळता येणार नाही असं कंपन्यांना सांगितलं, पण उपमर्यादा घालायची मुभा ठेवली. या पॉलिसीत ती निम्म्यावर होती. दीड लाख विम्याने दिले, वरचे घरातून. मुलाला हे भरतीच्या दिवशी कळलं. पॉलिसीच्या कागदात आधुनिक उपचारांचा तक्ता असतो, त्यात रोबोटसमोर कोणता आकडा आहे तो ऑपरेशन ठरवायच्या आधी टीपीएकडून (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) लेखी मागून घ्यावा. आता आम्ही सल्ल्याच्या कागदावरच ही ओळ छापून घेतली आहे.

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, कारण आजार परत आला तर बहुधा याच काळात येतो आणि पुष्कळदा योनीच्या शिवलेल्या टोकाशीच. तिसऱ्या भेटीत टोक स्वच्छ होतं. काकूंसारख्या बायकांना पुढे कॅन्सरपेक्षा हृदयविकाराचा धोका मोठा असतो, म्हणून त्या भेटीत माझ्यापेक्षा फिजिशियननी जास्त वेळ घेतला. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९ टक्क्यांवरून ७.४ वर आलेली, वजन चार किलोंनी कमी. चालायला सांगितलं तर गुडघ्याचं कारण पुढे आलं, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. सोबत मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. त्यांना पाळी गेल्यावर कधी डाग दिसला होता का, असं विचारलं. त्या काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "हाव, मागच्या दिवाळीले. लिहा तिचीबी सोनोग्राफी."